संच पुरा हवा : ओ गेजमधल्या पॅसेंजर गाड्या

खेळण्यातल्या ज्या रेल्वेच्या दोन रुळांत ३२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच अंतर असते, तिला ओ गेज म्हणतात. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक कारखानदार आपल्या मनाने रूळ पाडत असे. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीने १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत रूळरुंदीचे क्रमांक ठरवून दिले आणि हा गोंधळ मिटू लागला. आधी १, २, ३ असे मोठे गेज होते. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्यांच्याहून लहान माप आले, त्याला शून्य क्रमांक मिळाला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी शून्याचा ‘ओ’ झाला तो कायमचाच. मोठ्या गेजला दिवाणखाना लागे, ओ गेज जेवणाच्या खोलीत मावे. मध्यमवर्गीय घरांत ते शिरले यामागे एवढे साधे कारण होते.

रुंदी सगळीकडे एकच असली तरी गाडीचे प्रमाण देशागणिक बदलते. अमेरिकेत ते १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५ आणि जर्मनीत १:४५ आहे. खऱ्या स्टँडर्ड गेजचे १,४३५ मिलिमीटर ४८ ने भागले तर जवळपास ३० येतात, ४३.५ ने भागले तर ३३. म्हणजे अमेरिकी गाडी जरा फाकलेल्या रुळांवर धावते आणि ब्रिटिश गाडी जरा आखडलेल्या. हिशेब जुळतो तो फक्त जर्मनांचा. आपल्याकडच्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजसाठी १:४८ प्रमाणात ३५ मिलिमीटर रुंदी लागेल, त्यामुळे भारतीय डबा ओ गेजवर ठेवला की चाके आत ओढल्यासारखी दिसतात.

ब्रिटनमध्ये या छंदाची दोन घराणी झाली. नॉर्दम्प्टनची बॅसेट-लोक ही कंपनी १८९९ च्या सुमाराची. मोठ्यांसाठी, हुबेहूब आणि महाग गाड्या हा तिचा बाणा होता. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी शिंद्यांची चांदीची गाडी याच कंपनीची. तिच्या सात डब्यांवर घराण्याच्या नावाची सात इंग्रजी अक्षरे आहेत, आणि डब्यातली काचेची सुरई उचलली की गाडी थांबते. दुसरे घराणे लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांचे. मेकॅनोच्या पट्ट्या आणि नटबोल्टांनी नाव कमावलेल्या या गृहस्थांनी १९२० साली ओ गेजच्या गाड्या आणल्या. सुरुवातीच्या गाड्या मेकॅनोसारख्याच खोलता-जोडता येत. हॉर्नबीच्या स्वस्त संचांत छापील पत्र्याचे चारचाकी डबे असत आणि महागड्या संचांत चारचाकी बोगीवरचे लांब, आलिशान पुलमन डबे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला ‘ब्लू ट्रेन’ हा फ्रेंच गाडीवरचा संच आणि १९३७ चे ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ हे इंजिन यांच्यासाठी ब्रिटिश संग्राहक आजही वाट पाहतात. मात्र १९३८ मध्ये हॉर्नबीनेच निम्म्या मापाची ‘डब्लो’ गाडी काढली, आणि युद्धानंतर कंपनीचा जीव तिच्यातच रमला.

पॅसेंजर संचांचा खरा पसारा अमेरिकेत आहे. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कला लायोनेल कंपनी काढली. त्यांची पहिली गाडी दुकानाच्या काचेमागे फिरून गिऱ्हाईक खेचण्यासाठी होती. लोक मालाऐवजी गाडीच मागू लागले. १९१५ मध्ये लायोनेल ओ गेजमध्ये उतरली. कनेक्टिकटची आयव्ह्ज आणि शिकागोची अमेरिकन फ्लायर हे तिचे प्रतिस्पर्धी. आयव्ह्जचे १९२८ मध्ये दिवाळे निघाले. अमेरिकन फ्लायरने दुसऱ्या महायुद्धानंतर ओ गेज सोडून थोडा लहान एस गेज धरला. त्यामुळे युद्धोत्तर अमेरिकी ओ गेज म्हटले की बहुतेक वेळा लायोनेलच डोळ्यांसमोर येते.

मालगाडीचा संग्रह आणि पॅसेंजरचा संग्रह यांचा स्वभाव वेगळा आहे. मालगाडीत तेलाची टाकी, कोळशाची वाघीण, गुरांचा डबा असे काहीही एकामागे एक लावले तरी गाडी खरी वाटते, कारण खऱ्या मालगाड्या तशाच असतात. पॅसेंजर गाडीचे डबे मात्र एका रंगाचे, एका पट्ट्याचे, एका काळाचे लागतात. पुढे सामानाचा डबा, मध्ये बसण्याचे किंवा झोपण्याचे डबे आणि शेवटी गोलसर पाठीचा ऑब्झर्व्हेशन डबा असा क्रम असतो. हा शेवटचा डबा संचात एकच असे, तो हरवला की गाडीची शेपूटच गेली. शिवाय पॅसेंजर संच महाग असल्यामुळे विकले गेले कमी, आणि वारसांनी वाटून घेताना, विकताना ते फुटले जास्त. म्हणून या छंदात इंजिनाहून डब्यांना, आणि सुट्या डब्यांहून पुऱ्या संचाला भाव आहे. चार उत्तम डबे आणि पाचवा दुसऱ्याच वर्षाचा, ही जोडणी जाणकाराच्या नजरेत लगेच येते.

१९३० च्या दशकात खऱ्या अमेरिकी रेल्वेने मोटारींशी स्पर्धा करण्यासाठी निमुळत्या, चकचकीत गाड्या आणल्या. युनियन पॅसिफिकची तीन डब्यांची एम-१०००० ही गाडी १९३४ साली रुळावर आली आणि त्याच वर्षी लायोनेलने तिचे ओ गेज रूप विकायला काढले. पाठोपाठ फ्लाइंग यांकी आणि हायवाथा आल्या. एम-१०००० चे डबे सुटे नव्हते. दोन डब्यांच्या सांध्यात एक गोल जोड आणि खाली दोघांत मिळून चाकांची एक बोगी अशी रचना होती. हा जोड हरवला तर डबे असूनही गाडी होत नाही, आणि नेमका तोच हरवलेला असतो. १९३७ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन इंजिनाची लायोनेलची ‘७०० ई’ ही तंतोतंत प्रतिकृती आली. तिची किंमत ७५ डॉलर होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत एवढा पैसा खेळण्यावर घालणारी घरे थोडीच होती.

१९४१ मध्ये लायोनेलचे बेकलाइटचे जड, तपकिरी डबे आले. युद्धानंतर ते पुन्हा निघाले आणि ‘मॅडिसन’ डबे म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्यावर आयर्विंग्टन, मॅडिसन, मॅनहॅटन अशी नावे आहेत. लायोनेलचा कारखाना न्यू जर्सीतल्या आयर्विंग्टनला होता, त्यामुळे कंपनीने आसपासची गावेच डब्यांवर रंगवली. लहान, स्वस्त डब्यांवरही मेपलवूड, हिलसाइड, चॅटम, लिव्हिंग्स्टन ही न्यू जर्सीचीच नावे दिसतात. त्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही नावे महामार्गावरच्या पाट्यांमुळे रोजची आहेत. संग्रहाची सुरुवात करणाऱ्यासाठी हेच डबे सोयीचे: ते पुष्कळ निघाले, टिकलेही पुष्कळ, आणि संच जुळवताना हात पोळत नाही.

पण संग्राहकांच्या बोलण्यात जे पुन्हा पुन्हा येतात ते १९५२ पासूनचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे. साच्यातून दाबून काढलेली, अंगभर पन्हळी असलेली ही नळी खऱ्या बड कंपनीच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांची आठवण करून देते. खिडक्यांमागे प्रवाशांच्या काळ्या आकृत्यांची पट्टी, आत दिवा. खोलीतला दिवा मालवला की गाडीत माणसे बसलेली दिसतात. सांता फे रेल्वेच्या लाल-रुपेरी एफ-३ डिझेल इंजिनामागे हे डबे लावलेले चित्र अमेरिकेत एका पिढीच्या नाताळाची खूण बनले.

या मालिकेतला सर्वांत मानाचा संच १९५५ चा ‘काँग्रेशनल’. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्गावरच्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या गाडीवरून तो बेतला आहे. पुढे तपकिरीकडे झुकणाऱ्या लाल रंगाचे जीजी-१ विद्युत इंजिन, मागे अलेक्झांडर हॅमिल्टन, बेट्सी रॉस, विल्यम पेन आणि मॉली पिचर या नावांचे डबे. यांतले बेट्सी रॉस आणि विल्यम पेन हे घुमटाचे, व्हिस्टा डोम डबे आहेत. गंमत अशी की खऱ्या काँग्रेशनलला घुमटाचे डबे नव्हतेच. त्या मार्गावर वर विजेच्या तारा आणि बुटके बोगदे, तिथे उंच घुमट जाणार कसा? मुलांना घुमट आवडतो हे लायोनेलला ठाऊक होते, आणि तिने तो लावला. इंजिनावरचे पाच बारीक सोनेरी पट्टे आणि डब्यांवरच्या तांबूस पट्ट्या सर्वांत आधी झिजतात, त्यामुळे या संचाची पारख तिथून सुरू होते.

१९५७ चा कॅनेडियन पॅसिफिक संच याच्या उलट वास्तवाला धरून आहे. माँट्रियल आणि टोरांटोहून व्हँकूव्हरला जाणारी ‘द कॅनेडियन’ १९५५ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात घुमटाचे डबे खरोखरच होते. बॅन्फ पार्क, स्कायलाइन ५००, ब्लेअर मॅनर, क्रेग मॅनर ही डब्यांची नावेही खऱ्या गाडीच्या धाटणीची. यांतले दोन ‘मॅनर’ डबे घुमटाच्या डब्यापेक्षा दुर्मिळ आहेत, आणि संग्रह अडून राहतो तो बहुधा त्यांच्यापाशीच.

हे डबे सुमारे १५ इंचांचे आहेत. खरा ८५ फुटी डबा १:४८ प्रमाणात सव्वाएकवीस इंच भरायला हवा, म्हणजे लायोनेलने जवळजवळ एकतृतीयांश लांबी कापली. कारण वळणात आहे. नेहमीच्या ओ गेज रुळांचे वर्तुळ ३१ इंच व्यासाचे आणि स्वस्त संचांचे २७ इंचांचे. एवढ्या आवळ वळणावर पूर्ण लांबीचा डबा मधून आत झुकतो, टोकांना बाहेर फेकला जातो आणि रुळांवरून घसरतो. आजचे उत्पादक २१ इंची डबेही बनवतात, पण त्यांना ७२ इंच व्यासाचे वळण लागते. संच घेण्याआधी खोली मोजावी हे बरे.

लायोनेलच्या रुळाला मध्ये तिसरी पट्टी असते, म्हणून शुद्धतावादी तिला नाके मुरडतात. तिचा उपयोग मात्र पक्का आहे. वीज मधल्या पट्टीतून येते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. त्यामुळे गाडी वळसा घेऊन उलटी आपल्याच रुळावर आली तरी शॉर्टसर्किट होत नाही. दोन रुळांच्या गाडीत अशा वळशासाठी वेगळी जोडणी करावी लागते. डब्याखालची फिरकी मधल्या पट्टीला टेकून दिव्यासाठी वीज घेते. गाडी अल्टरनेटिंग करंटवर चालते. वीज क्षणभर तोडली की इंजिनातला खटका दिशा बदलतो. १९३५ ची शिटी तर कारागिरीचा नमुना आहे. बटण दाबले की त्याच रुळांत थोडा डायरेक्ट करंट मिसळतो, टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला रिले तेवढा ओळखतो आणि छोटा पंखा सुरू होऊन खरी हवा शिटीत फुंकतो.

खरेदीची भाषा ठरवली ती ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने. ही संस्था १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्थापन झाली. स्ट्रॅसबर्गला तिचे संग्रहालय आहे आणि यॉर्क येथे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणारा मेळावा या छंदाची मोठी बाजारपेठ मानला जातो. ‘मिंट’ म्हणजे न वापरलेली, मग ‘लाइक न्यू’, ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’ अशी प्रत खाली उतरत जाते. खोक्याची प्रत वेगळी लावतात. लायोनेलच्या नारिंगी-निळ्या खोक्यांची टोके मुलांनी उघडताना फाडलेली असतात, म्हणून धड टोकांच्या खोक्याला डब्याच्या बरोबरीने भाव येतो. नकली खोकी, नव्या खिडकीपट्ट्या, पुन्हा रंगवलेली इंजिने यांचाही सुकाळ आहे. त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याने सांगितले नाही तर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा डबा पॉलिश करून आरशासारखा केला असेल तर तो सुधारला असे समजू नये, मूळची मंद झाक कायमची गेली.

सर्वांत वाईट रोग जस्ताचा. युद्धापूर्वीची चाके आणि ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यात शिशाचा अंश राहिला असेल तर काही दशकांनी धातू फुगतो, तडकतो आणि हातात चुरा होतो. यावर उपाय नाही, भाग बदलावा लागतो. उष्ण दमट हवेत ही क्रिया वेग घेते, म्हणून मुंबई-कोकणात जुने हॉर्नबी किंवा मार्कलिन ठेवणाऱ्याने कोरडे कपाट आणि सिलिका जेल यांत कसूर करू नये. जुन्या पत्र्याच्या गाड्यांना गंजाचीही भीती तितकीच.

लायोनेल हे नाव १९७० च्या सुमारास भाडेकराराने दुसऱ्यांकडे गेले आणि त्यानंतर अनेकदा मालक बदलले. १९९० च्या दशकात रुळांतून संदेश पाठवून चालणारी गाडी आली. २००४ पासून ‘पोलर एक्स्प्रेस’ चित्रपटावरचा पॅसेंजर संच नव्या पिढीचा पहिला ओ गेज संच ठरत आहे. जुन्या मालाच्या किमती मात्र दोन दिशांना गेल्या आहेत. १९५० च्या दशकात ही खेळणी हाताळलेली पिढी म्हातारी झाली, तिचे संग्रह विक्रीला येत आहेत, त्यामुळे सामान्य संच पूर्वीपेक्षा स्वस्त मिळतात. उत्तम प्रतीचे, खोक्यांसह पुरे काँग्रेशनल किंवा कॅनेडियन पॅसिफिक तेवढे उतरलेले नाहीत.

अमेरिकेतून असा संच भारतात आणणाऱ्याला विजेची काळजी घ्यावी लागते. तिथला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर जळतो. मध्ये स्टेपडाउन बसवून व्होल्टेज उतरते, पण हर्ट्झ ५० च राहतात आणि ६० साठी बांधलेला गाभा नेहमीपेक्षा जास्त तापतो. म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर शोभेला ठेवावा आणि गाडी चालवायला ५० हर्ट्झसाठी बनवलेला, अठरा व्होल्टपर्यंत अल्टरनेटिंग करंट देणारा इथलाच ट्रान्सफॉर्मर फ्यूजसह वापरावा. त्याआधी वायरींवरचे जुने रबर तपासावे. सत्तर वर्षांत ते कडक होऊन तडकलेले असते.