लाट ओसरली, जमीन खचली

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीचा विषय निघाला की नागपट्टणमच्या किनाऱ्यावरच्या मोडक्या होड्या आठवतात. निकोबारचं नुकसान मात्र वेगळ्या जातीचं होतं. तिथे काही ठिकाणी आत शिरलेलं पाणी परत गेलंच नाही.

ही त्सुनामी उठवणाऱ्या, सुमात्राजवळच्या 9.1 तीव्रतेच्या भूकंपात समुद्रतळाखाली सुमारे 1,300 किलोमीटर लांबीचा पट्टा सरकला. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरताना वरच्याची कड शतकानुशतकं अडकून, वाकून राहते. ती सुटली की समुद्राकडची बाजू उसळते आणि मागची खचते. निकोबार खचणाऱ्या बाजूला सापडलं. ग्रेट निकोबारवरच्या इंदिरा पॉइंटचा परिसर तब्बल सव्वाचार मीटर खाली गेला. तिथल्या दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. निकोबारमधल्याच ट्रिंकेट बेटाचे तर तुकडे झाले. उत्तर अंदमानचा किनारा मात्र मीटरभर वर आला.

याची झळ खारफुटीला दोन्हीकडे बसली. निकोबारात ती कायमची पाण्याखाली जाऊन गुदमरली. उत्तर अंदमानात भरतीचं पाणी पोहोचेनासं झालं, म्हणून वाळली. तिथले प्रवाळही उघडे पडून मेले.

निकोबारचा मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी अंड्यांवर बसत नाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचून तो त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंडी उबवते. लाटेने नेमकी हीच झाडी नेली. त्सुनामीनंतरच्या पाहणीत हे पक्षी सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

माणसांचंही सगळं किनाऱ्यावरच होतं. निकोबारी लोकांच्या माडाच्या बागा ‘तुहेत’च्या, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालकीच्या. खोबरं विकायचं, नारळावरच डुकरं पोसायची. माड गेले, जमीनही गेली. नवा माड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तीही जमीन असेल तर. पुढे लोकांना किनाऱ्यापासून आत, उंचावर, पत्र्याच्या निवाऱ्यांत राहावं लागलं. नंतरची पक्की घरं छोट्या कुटुंबांपुरती बांधली गेली आणि तुहेत विखुरले. माझ्या मते हे नुकसान सर्वांत खोल आहे, कारण ते कोणत्याही पंचनाम्यात मांडता येत नाही.

आता ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात मोठं बंदर उभारायचं ठरलं आहे. इथेच लेदरबॅक कासवं अंडी घालतात, मेगापोडही ढीग रचतात. हा भाग देशातल्या सर्वाधिक भूकंपप्रवण पट्ट्यात येतो. बंदराचा हिशेब मांडताना सव्वाचार मीटरचा हा आकडाही त्यात धरायलाच हवा.