कंपोस्ट-केंद्र चालक व निरीक्षक प्रशिक्षण

कंपोस्ट-केंद्र चालक व निरीक्षक प्रशिक्षण : जैव कचऱ्यापासून मोठ्या प्रमाणावर कंपोस्ट खत तयार करणारे चालक आणि अशा केंद्रांची तपासणी करणारे शासकीय निरीक्षक यांना दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. कंपोस्ट ही सजीव सूक्ष्मजंतूंकडून घडणारी क्रिया असल्याने केवळ यंत्रसामग्री उभारून ती साध्य होत नाही. चालकाच्या अज्ञानामुळे दुर्गंधी, ढिगास आग लागणे, रोगजंतू जिवंत राहणे व पिकास अपाय होणे असे धोके उद्‌भवतात.

इतिहास : ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथे विकसित केलेली पद्धती १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत सु. तीन महिन्यांत ढीग तीन वेळा परतण्याची रीत सांगितली आहे. पुढे नागरी कचऱ्यासाठी मोठी केंद्रे निघाल्यावर स्वतंत्र प्रशिक्षणाची गरज भासू लागली. अमेरिकेच्या मेन राज्यात मनमथ येथील हायमूर फार्मवर १९९७ मध्ये सुरू झालेली कंपोस्ट-शाळा हे याचे एक उदाहरण होय. राज्य विद्यापीठाची विस्तार-सेवा व शासनाची खाती यांच्या सहकार्याने ती स्थापन झाली.

अभ्यासक्रम : प्रारंभी कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर शिकवितात. ते सु. २५ ते ३० : १ असावे. लाकडाचा भुसा व वाळका पाला यांत कार्बन अधिक, तर शेण व अन्नाचे अवशेष यांत नायट्रोजन अधिक असतो. त्यांचे योग्य मिश्रण करणे हे चालकाचे पहिले काम होय. आर्द्रता ५०–६०% लागते. मूठभर मिश्रण दाबले असता ते ओलसर लागावे, पण पाणी गळू नये, अशी हाताने घेण्याची कसोटी सर्वत्र शिकवितात. पाणी जास्त झाल्यास हवेच्या जागा भरतात, ऑक्सिजीवी सूक्ष्मजंतूंची क्रिया मंदावते व दुर्गंधी सुटते.

तापमान-मापनास विशेष महत्त्व आहे. अमेरिकेत सांडपाण्याच्या गाळासाठी १९९३ मध्ये केलेल्या नियमांनुसार उघड्या लांबट ढिगात ५५° से. वा अधिक तापमान १५ दिवस टिकले पाहिजे व त्या काळात ढीग निदान पाच वेळा परतला पाहिजे. ढिगाचा बाह्य थर थंड राहतो. परतण्याने तो आत येतो व त्यातील रोगजंतूही नष्ट होतात. म्हणून केवळ मध्यभागी घेतलेले तापमान पुरेसे ठरत नाही. परतल्याची नोंदही आवश्यक असते. धूळ व बुरशीचे बीजुक श्वासावाटे शरीरात जाऊ नयेत म्हणून कामगारांनी घ्यावयाची दक्षताही अभ्यासक्रमात येते.

निरीक्षण : निरोगी व सदोष खत पुष्कळदा दिसावयास सारखेच असते. त्यामुळे तापमापकाची अचूकता, दैनिक नोंदी व नमुने घेण्याची रीत यांवरच निरीक्षकाची भिस्त असते. अपक्व खत जमिनीतील नायट्रोजन तात्पुरता बांधून ठेवते व कोवळ्या रोपांना बाधते. काही दोष उष्णतेने दूर होत नाहीत. २००० च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथील कंपोस्टात क्लोपिरॅलिड हे तणनाशक टिकून राहिल्याचे आढळले. जड धातू व काचेचे तुकडे यांचेही तसेच असते. यास्तव कच्चा माल केंद्रात येतानाच तो पारखण्याचे शिक्षण दिले जाते.

भारत : २००० व २०१६ च्या घनकचरा नियमांनी नागरी कचऱ्याच्या कंपोस्टीकरणास चालना मिळाली. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ याच्या कक्षेत २००६ मध्ये शहरी कंपोस्टही आणले गेले आणि कॅडमियम, शिसे इ. धातूंच्या मर्यादा ठरविण्यात आल्या. फरीदाबाद येथील केंद्रीय संस्थेत खत-निरीक्षकांना प्रशिक्षण देतात. ओला व सुका कचरा घरीच वेगळा न झाल्यास मात्र केंद्रावरील कुशल चालकालाही निर्दोष खत देणे कठीण जाते. आणि सदोष खत एकदा पदरी पडले की, शेतकरी ते पुन्हा घेण्यास सहसा धजत नाही.