सुटीं गांवें आणि वसुलाचें दप्तर

हातकणंगले तालुक्यांत वाठार नांवाचीं दोन गांवें आहेत. एकाचें नांव कागदोपत्रीं वाठार तर्फ वडगांव, दुसऱ्याचें वाठार तर्फ उदगांव. वडगांव म्हणजे पेठ वडगांव. तें याच तालुक्यांत आहे. उदगांव मात्र आज शिरोळ तालुक्यांत मोडतें. तर्फ म्हणजे जुन्या वसुली व्यवस्थेंतील गांवांचा एक गट. ते गट मोडले, कचेऱ्या बदलल्या. खुद्द हा तालुका १८८६ च्या गॅझेटियरांत आळत्याच्या नांवानें नोंदलेला आहे. पण गांवाला चिकटलेलें तर्फेचें शेपूट कांहीं सुटलें नाहीं.

अशा सुट्या मुलखाला इंग्रजींत दोन शब्द आहेत. परक्या प्रदेशानें चोहोंकडून वेढलेल्या भागास वेढणाऱ्याच्या बाजूनें एन्क्लेव्ह म्हणतात, आणि मूळ देशापासून तुटलेल्या भागास मालकाच्या बाजूनें एक्स्क्लेव्ह. पहिल्या शब्दाच्या मुळाशीं किल्ली या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. कुलुपांत सांपडलेली जमीन, असा त्याचा भाव. अंतःक्षेत्र आणि बहिःक्षेत्र असे त्यांचे प्रतिशब्द मराठींत करतां येतात. ते शुद्ध खरे, पण लोकांच्या तोंडीं बसण्यासारखे नाहींत.

जुनी मराठी हा वेढा पाहतच नसे. गांवाच्या भोंवतीं कोण आहे, यापेक्षां त्याचा वसूल कोणाच्या खात्यावर जमा होतो, हें ती आधीं विचारी. महालांतून फोडून कोणाच्या नेमणुकीस लावून दिलेलें तें फुटगांव. येथें फुटला तो हिशेब. जमीन होती तेथेंच राहिली. इनामांत दिलेलें तें दुमाला, सरकारांत राहिलेलें तें खालसा. शेजारच्या करवीर तालुक्यांत निगवे दुमाला आणि निगवे खालसा हीं दोन्ही गांवें आजहि त्याच नांवांनीं नांदत आहेत. इनामें मात्र कधींच संपलीं.

हिशेब असा फुटत गेला म्हणजे राज्याचा नकाशाहि गोधडीसारखा ठिगळांचा होतो. सांगली संस्थानचेंच पाहावें. मिरज प्रांत राजधानीच्या आसपास, पण मंगळवेढें सोलापूरच्या बाजूस, तेरदाळ कृष्णेपलीकडे, शिरहट्टी थेट धारवाडकडे, आणि शहापूर तर बेळगांव शहराला चिकटून. चार पावलें टाकलीं कीं राज्य बदले. कोल्हापूरचें रायबागहि असेंच मुख्य प्रदेशापासून दूर पडलेलें होतें. सांगली १९४८ सालीं व कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां हीं ठिगळें उसवून जवळच्या जिल्ह्यांना जोडण्यांत आलीं. रायबाग, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी आज कर्नाटकांत आहेत, मंगळवेढें महाराष्ट्रांत.

गांवाबाहेरच्या लहान वस्त्यांचीं नांवेंहि याच दप्तरांतून आलीं. ज्याला स्वतःचें खातें तें मौजे. दुसऱ्या गांवाच्या पोटांत असलेली शेतावरची वस्ती ती मजरा. हा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ पेरणीची जमीन. चंदगड तालुक्यांतील मजरे कार्वे या नांवांत तो अजून टिकून आहे. वाडी हा त्याहून घरगुती शब्द. अंबपाची ती अंबपवाडी. पण यांत एक विलक्षण अन्याय दडलेला असे. चाळीस उंबऱ्यांची जिवंत वाडी दप्तरांत थोरल्या गांवाच्या नांवाखालीं बुडून जाई. उलट जेथें एकहि दिवा लागत नाहीं असें बेचिराख गांव, शिवार आणि आकार आहे एवढ्यामुळें, यादींत वर्षानुवर्षें मानानें मिरवी. शाळा किंवा रस्ता मागणाऱ्या वाडीला आधीं आपण स्वतंत्र गांव आहों हें पटवावें लागे, तें यामुळेंच.

दप्तरांतील शब्द किती दूरवर जातो याचें मोठें उदाहरण दादरा आणि नगर हवेलीचें. दमणपासून तुटलेले हे दोन प्रदेश १७७९ च्या तहास अनुसरून पेशव्यांनीं पोर्तुगीजांना दिले. सनदा १७८३ व १७८५ च्या. १९५४ सालीं तेथील पोर्तुगीज सत्ता संपली. भारताच्या भूमींतून तेथें जाण्याचा हक्क मागण्यासाठीं पोर्तुगाल १९५५ सालीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गेलें. तेव्हां न्यायाधीशांपुढें प्रश्न आला तो मराठी कागदांचा: पेशव्यांनीं राज्य दिलें कीं नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, मराठ्यांनीं दिला तो केवळ सरंजाम किंवा जहागीर, सार्वभौमत्व नव्हे. मात्र पुढें इंग्रजांनीं तेथील पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती, म्हणून खाजगी माणसें, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या येण्याजाण्याचा हक्क न्यायालयानें धरला. सैन्य, सशस्त्र पोलीस व हत्यारें यांचा धरला नाहीं. १९५४ सालीं भारतानें वाट अडविली त्यांत त्याचा दोष नाहीं, असेंहि ठरलें. १९६१ सालीं ते दोन्ही प्रदेश घटनेंतील दहाव्या दुरुस्तीनें भारतांत सामील झाले.