कुआका परत येतात तेव्हा

आपल्याकडे वसंत चैत्रात येतो. न्यूझीलंडमध्ये तो सप्टेंबरात येतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे, आपल्या घरी गौरीगणपतीची आरास मांडली जाते त्या सुमारास तिकडे थंडी नुकती ओसरू लागलेली असते. तेव्हा ऑक्लंड शहराच्या आग्नेयेस असलेल्या 'फर्थ ऑफ थेम्स' नावाच्या उथळ आखाताकाठी पक्षिप्रेमी मंडळी दुर्बिणी घेऊन उभी राहतात. त्यांचे पाहुणे म्हणजे पट्टेरी शेपटीचे गॉडविट पक्षी होत. ह्यांचे भाऊबंद हिवाळ्यात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात; मात्र ते सैबेरियातून येतात.

हा पक्षी वजनाने साधारण कबुतराएवढा. पाय उंच, चोच लांब व टोकाशी किंचित वर वळलेली. ती चिखलात खुपसून तो किडे व शिंपले शोधतो. माओरी लोक त्यास 'कुआका' म्हणतात. मार्चात हे थवे उत्तरेस जातात व वसंतात परततात, हे ते पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. परंतु त्याचे घरटे त्या देशात कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. 'कुआकाचे घरटे कोणी पाहिले आहे?' हा प्रश्न त्यांच्यात म्हणीसारखा रूढ झाला आहे.

ते घरटे असते अलास्कात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास. तेथून हे पक्षी परत येतात तरी कसे? किनाऱ्याकिनाऱ्याने, मुक्काम करीत येत असतील, असेच कोणासही वाटेल. २००७ साली 'ई ७' अशी खूण दिलेल्या एका मादीच्या अंगात बसविलेल्या लहानशा यंत्राचे संदेश कृत्रिम उपग्रहांनी टिपले आणि उत्तर मिळाले. ऑगस्टच्या अखेरीस ती अलास्काहून निघाली. पॅसिफिक महासागर सरळ ओलांडून सुमारे आठ दिवसांनी ह्याच आखातात उतरली. अंतर ११,६८० किलोमीटर! वाटेत अन्न नाही, पाणी नाही, विसावाही नाही. बदकासारखे पडदे ह्याच्या पायांस नसतात; त्यामुळे समुद्रावर बसून दम खाण्याची सोय नाही.

हे साधते कसे, हे मला त्या अंतराहूनही नवलाचे वाटते. निघण्यापूर्वी अलास्काच्या चिखलात हे पक्षी इतके खातात, की शरीराच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग चरबीचाच होतो. मग वाटेत निरुपयोगी ठरणारी जठर, आतडी, यकृत ही इंद्रिये आक्रसून लहान होतात. जणू प्रवाशाने स्वयंपाकाची भांडी घरीच ठेवून केवळ शिदोरी बरोबर घ्यावी! शिवाय वादळामागून वाहणारा अनुकूल वारा मिळेपर्यंत ते थांबतात. २०२२ साली अवघ्या पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानियातील ॲन्सन्स उपसागरापर्यंत १३,५६० किलोमीटरांचे उड्डाण अकरा दिवसांत, न थांबता केले. ही वाट त्याने पूर्वी कधी पाहिलेली नव्हती.

पाहणाऱ्याने भरतीची वेळ साधावी. ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागले की ते मिरांडा गावाजवळील शिंपल्यांच्या बांधांवर दाटीने गोळा होतात. नुकते उतरलेले पक्षी कृश दिसतात. त्यांची पिसे झिजलेली असतात. पायांतील रंगीत पट्ट्यांवरून गतवर्षीचा एखादा ओळखीचा पक्षीही सापडतो. क्राइस्टचर्च शहरात तर गॉडविट परतले की कॅथीड्रलच्या घंटा वाजवून त्यांचे स्वागत करीत. २०११ च्या भूकंपात तेथील मनोरा कोसळला.

परतणे असे गाजते; जाण्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नसते, आणि खरा धोका तेथेच आहे. उत्तरेस जाताना हे पक्षी चीन व कोरिया यांच्यामधील पीत समुद्राच्या किनारी उतरतात व पुन्हा अंगावर चरबी चढवितात. तेथील चिखलाचा पट्टा गेल्या अर्धशतकात भराव घालून व बांध बांधून मोठ्या प्रमाणावर नाहीसा झाला. खाण्यास चिखल नाही तर अलास्का नाही, आणि अलास्का नाही तर पिल्ले नाहीत. २०१९ साली चीनच्या किनाऱ्यावरील अशा पट्ट्याचा काही भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आला. उरलेला चिखल किती पुरतो, हे सप्टेंबरात मिरांडाच्या काठी पक्षी मोजणाऱ्यांस कळेल.