खरी घटना, पडद्यावरची घटना – भाग ७ : बेकर स्ट्रीटचं भुयार

रॉजर डोनाल्डसन यांचा ‘द बँक जॉब’ २००८ साली आला. जेसन स्टॅथमचा टेरी हा कर्जात रुतलेला गाड्यांचा विक्रेता. जुनी मैत्रीण मार्टिन त्याला बँकेच्या लॉकरखोलीचं आमिष दाखवते. तिच्यामागे गुप्तचर खातं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. खात्याला हवे असतात राजघराण्यातल्या एका स्त्रीचे फोटो. ते तिथे दडवलेत मायकेल एक्स या कृष्णवर्णीय चळवळीतल्या पुढाऱ्याने. मायकेल एक्स खराच होता. खुनाच्या गुन्ह्यात १९७५ मध्ये त्याला त्रिनिदादला फाशी झाली. फोटोंचा मात्र कुठलाही पुरावा पुढे आलेला नाही.

चित्रपट वेगवान आहे, जरूर बघावा. पण त्यात रचलेल्या भागापेक्षा मूळ घटनाच मला कितीतरी जास्त खिळवून ठेवते.

सप्टेंबर १९७१. लंडनमध्ये बेकर स्ट्रीट आणि मॅरिलबोन रोडच्या कोपऱ्यावर लॉइड्स बँकेची शाखा होती. तिथून दोन दारं सोडून ‘ल साक’ नावाचं चामड्याच्या वस्तूंचं दुकान टोळीने घेतलं. मधे ‘चिकन इन’ हे हॉटेल. दुकानाच्या तळघरातून, त्या हॉटेलच्या खालून, सुमारे ४० फुटांचं भुयार निघालं. आवाज कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून खणायचं ते शनिवार-रविवारीच. शेवटी डोक्यावर उरली लॉकरखोलीची काँक्रीटची जाडजूड जमीन. जॅक लावून ती उचकटेना. मग प्रचंड उष्णतेने काँक्रीट वितळवणारी थर्मिक लान्स आणली, तीही पुरी पडेना. अखेर सुरुंग लावला.

शेरलॉक होम्सच्या वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. कॉनन डॉयलच्या १८९१च्या ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये दुकानाच्या तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणलं जातं. टोळीच्या म्होरक्याला ती कथाच सुचली होती, असं सांगतात. आणि होम्सचं घरही बेकर स्ट्रीटवरच!

शनिवार, ११ सप्टेंबर. रात्री सव्वाअकराच्या सुमारास जवळच राहणाऱ्या एका हौशी रेडिओवाल्याच्या संचावर वॉकीटॉकीचं बोलणं आलं. एक माणूस छपरावर पहाऱ्याला, बाकीचे खाली. खाली धूर कोंडलेला, म्हणून काम थांबवून सकाळी पुन्हा हात घालायचा त्यांचा बेत. छपरावरचा मात्र रात्र तिथे काढायला राजी नाही; पैसा तुमचा देव असेल, माझा नाही, अशा अर्थाचं तो वैतागून बोलतो. रेडिओवाल्याने हे टेपवर घेतलं आणि पोलिसांना कळवलं. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पुढे स्कॉटलंड यार्डने दखल घेतली, पण नेमकी बँक कुठली? दहा मैलांच्या परिघातल्या सुमारे ७५० बँका तपासायला घेतल्या.

रविवारी पोलिस याच शाखेत पोचले. पोलादी दार जसंच्या तसं, त्यावर वेळेचं कुलूप. म्हणजे उघडणंही शक्य नाही. पोलिस परत फिरले. चोर तेव्हा आतच होते, असं मानलं जातं. पुढे उघडकीला आलं तेव्हा २६८ लॉकर फोडलेले होते.

माग लागायला फार वेळ गेला नाही. दुकानाचा करार टोळीतल्या एकाने चक्क स्वतःच्या नावावर केला होता. जानेवारी १९७३ मध्ये चौघांना शिक्षा झाली : तिघांना १२ वर्षं, चौथ्याला ८.

सरकारने ‘डी-नोटीस’ काढून चार दिवसांत वर्तमानपत्रांचं तोंड बंद केलं, असं चित्रपटाच्या निमित्ताने पुष्कळ सांगितलं गेलं. ते टिकत नाही. डी-नोटीस ही संपादकांना केलेली विनंती असते, तिला कायद्याची सक्ती नसते. शिवाय या प्रकरणाच्या बातम्या त्यानंतरही कित्येक आठवडे छापून येत होत्या.

तरी ही वदंता मेली नाही, आणि त्याचं कारण लॉकरच्या व्यवहारातच आहे. आत काय ठेवलंय हे बँकेलाही ठाऊक नसतं, आपल्याकडेही तसंच. म्हणून लुटीचा आकडा अंदाजाचाच राहिला. तो ३० लाख पौंडांपर्यंत जातो. रोकड आणि दागिन्यांची निदान बेरीज करता येते. कागद आणि फोटो गेले असतील, तर ते फक्त मालकाला आणि चोराला माहीत, आणि दोघांनाही गप्प बसण्यातच फायदा होता. पटकथेतल्या फोटोंना जागा मिळाली ती इथे.