जुन्या कारखान्याची मूर्ती फिकी का पडते?

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाता-येता आपल्या केदारखेड्याच्या बायांच्या गप्पांत एक प्रश्न नेहमी निघतो. जुन्या, नावाजलेल्या कारखान्याची मूर्ती आणि कालपरवा धंद्यात आलेल्या पोराची मूर्ती शेजारी ठेवली, तर कितीदा नव्याचीच डोळ्यांत भरते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, त्यांना हे का जमू नये? कच्च्या मूर्ती आणून रंगवायचं ज्या गटांच्या मनात आहे, त्यांनी हे जरूर ऐकावं.

मूर्तींचं माहेर म्हणजे रायगड जिल्ह्यातलं पेण. तिथे आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी कारखाने आहेत. कारागीर आधी हाताने एक मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून रबराचा साचा काढतात आणि त्या साच्यातून मूर्तींवर मूर्ती. रबर दर वेळी ओढून सोडवावं लागतं. ओढून ओढून ते सैल पडतं. मग नाकाची धार जाते, बोटांमधली फट बुजते, दागिन्याचे मणी एकमेकांत मिसळतात. जुन्या कारखान्यात असे साचे ढिगाने असतात आणि त्यात पैसा अडकलेला असतो. अजून एक हंगाम निघेल, म्हणत तोच साचा पुन्हा भरला जातो. नव्या माणसाकडे साचे चारच, पण कोरे.

मग जुने नवा साचा का काढत नाहीत? काढतात, पण हात आखडता घेऊन. मूळ मूर्ती घडवण्यात दिवस आणि पैसा जातो. ती बाजारात आली, की कोणीही एक मूर्ती विकत घेतो आणि तिच्यावरूनच साचा काढतो. खर्च एकाचा, कमाई दुसऱ्याची. त्यात ठोक व्यापारी भाव करतो तो मूर्तीच्या उंचीवर, कामाच्या सफाईवर नाही. मग मालक वेळ वाचवतो तो घासकामात आणि डोळ्यांत.

डोळ्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. डोळे रेखायच्या कामाला आखणी म्हणतात. नजर समोरच्याकडे लागली पाहिजे; केसभर रेघ हलली की मूर्ती तिरळी किंवा रागीट दिसते. हा हात थोड्यांनाच असतो. मोठ्या कारखान्यात हंगामाच्या शेवटी रात्र रात्र जागून एकच माणूस रांगाच्या रांगा आखतो. पहिल्या मूर्तीची नजर शेवटच्या मूर्तीला कशी येणार? आणि ज्याचा हात सगळ्यांत चांगला, तो एक दिवस स्वतःचा मांडव टाकतो. म्हणजे जुन्याला मागे टाकणारा पुष्कळदा त्याच्याच हाताखाली शिकलेला असतो. पन्नास-शंभर मूर्ती करतो, सगळे डोळे स्वतः काढतो. त्याने हजार मूर्तींची ऑर्डर घेतली, तर त्याचीही गत तीच होईल, बरं का.

आता मातीचा प्रश्न आला आहे. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम कडक केले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवायला परवानगी दिली, पण घरगुती मूर्ती नदी-तळ्यात सोडायला नाही. त्यामुळे शाडूला मागणी आहे. प्लास्टर अर्ध्या तासात घट्ट होतं. शाडू अंगठ्याने दाबून भरावा लागतो, सावलीत कित्येक दिवस वाळवावा लागतो, घाई केली की तडकतो. मूर्ती जड, आणि वाटेत फुटायची भीती. ज्याचे साचे, मांडण्या, कामगार सगळे प्लास्टरला सरावलेले, त्याला हे एका वर्षात जमत नाही. शाडूपासूनच सुरुवात केलेल्या छोट्या कारागिराला जमतं.

तेव्हा कच्ची मूर्ती घेताना कारखान्याच्या नावावर जाऊ नका. बोटांच्या फटी बघा, कानाची कड बघा, मुकुटाचे मणी मोजता येतात का बघा. आणि पैसे मोजायच्या आधी गटात बसून ठरवा, डोळे कोण काढणार. जिचं नाव निघेल, तिला आजपासून जुन्या मडक्यावर रोज दहा जोड्या काढायला लावा. पोळा येईपर्यंत हात बसला, तर तिला झेपतील तेवढ्याच मूर्ती आणा.