लेकराचे दुखणे पुन्हा पुन्हा का येते?



बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वर डोंगरात कोरकू, निहाल, भिलाला अशा आदिवासी बांधवांची गावे आहेत. या गावांतील आयांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. लेकरू चांगले खेळत असते आणि एकाएकी हात-पाय धरून रडू लागते. कधी पाठ दुखते, कधी पोट. रात्रभर कोणाला झोप नसते. दोन-चार दिवसांत दुखणे थांबते, पोर पुन्हा हुंदडू लागते. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अंगावर जखम नाही, कोठे पडल्याचे आठवत नाही.

अशा दुखण्याचे कारण सापडायला वर्षे लागतात. त्यामागे गरिबी आहे, अंतर आहे, पण आणखी एक गोष्ट आहे. हे दुखणे उपचार केला तरी थांबते आणि नाही केला तरी थांबते. त्यामुळे शेवटी ज्याने हात लावला, त्याला यश मिळते. आधी भुमकाकडे नेले आणि दुसऱ्या दिवशी लेकरू उठून बसले, तर भुमकाचा गुण. सुई टोचून आणली आणि रडणे थांबले, तर सुईचा गुण. आपल्या प्रार्थनेनंतर थांबले, तर आपणही देवाचे आभार मानून घरी जातो. ते योग्यच आहे. पण पुढच्या महिन्यात तेच दुखणे परत आले, हे पाहायला कोण असते? फक्त आई. प्रत्येक डॉक्टरने एकेकदा पाहिलेले असते. कोणाच्या चिठ्ठीवर ताप, कोणाच्या चिठ्ठीवर अशक्तपणा, कोणाच्या चिठ्ठीवर वात. दुखणे "वारंवार" आहे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणत्याच चिठ्ठीवर नसते.

आणि या शोधात लेकराच्या वाट्याला जे येते ते वेगळेच. "शाळा बुडवायला सोंग करतो," असे म्हणून मार बसतो. काही ठिकाणी अजूनही पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. शेजारच्या मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. आधीच वेदनेत असलेल्या बाळाला आणखी वेदना, आणि भाजलेल्या जागेतून जंतुसंसर्गाचा धोका.

२०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, हे आपण सर्वांनी वाचले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक गावात आले, नमुने घेतले गेले. ते झालेच पाहिजे होते. गळलेले केस सर्वांना दिसतात. डोंगरातल्या लेकराचे दुखणे मात्र कोणाला दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी पथक येत नाही. तेथे आपल्यालाच पाहावे लागते, विचारावे लागते.

एक आजार नेहमी आठवावा

लहान मुलाच्या वारंवार दुखण्याची कारणे अनेक असू शकतात. पण आपल्या भागात, आदिवासी आणि इतरही काही समाजांत, एका आजाराची तपासणी झाल्याशिवाय "काही नाही" असे कोणीही म्हणू नये. तो म्हणजे सिकलसेल.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते, ते शरीरभर प्राणवायू पोहोचवते. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन जन्मतः थोडे वेगळे असते. प्राणवायू सोडल्यावर ते घट्ट होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तेथे भयंकर कळा सुरू होतात. वाट मोकळी झाली की दुखणे ओसरते. म्हणूनच ते येते आणि जाते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. त्यामुळे लेकरू फिकट दिसते, लवकर दमते, डोळे पिवळसर होतात. पुष्कळदा त्याला कावीळ समजून झाडपाला दिला जातो.

जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन टिकून असते. ते बाळाला सांभाळते. साधारण सहा महिन्यांनंतर ते कमी होते आणि पहिली खूण दिसू लागते. दोन्ही हातांचे किंवा पायांचे पंजे सुजतात, बाळ हात लावू देत नाही. बोलता न येणाऱ्या लेकराचे हे पहिले सांगणे असते. पुढे हात-पाय, पाठ, छाती, पोट यांत कळा येतात. थंडी, ताप, अति श्रम आणि पाणी कमी पडणे यांमुळे त्या सुरू होतात. उन्हाळ्यात लांबून पाणी आणणारे घर, कामासाठी खाली खारपाणपट्ट्यात उतरलेले कुटुंब, थंडीत पांघरुणावाचून झोपलेले मूल, ही सगळी परिस्थिती दुखण्याला निमंत्रण देणारी आहे.

हा शोध सोपा नव्हता

वैद्यकशास्त्रालाही हे उत्तर एका दिवसात मिळाले नाही. ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यकी शिकायला अमेरिकेत शिकागोला गेला. १९०४ साली तो तेथील रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विचित्र लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याच्यावर १९१० साली लिहिले, आणि या आजाराची वैद्यकीय ग्रंथांत पहिली नोंद झाली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागातील सिकलसेलच्या संशोधनाला आणि उपचाराला आयुष्य वाहिले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे उत्तर आता आहे, फक्त ते आपल्या डोंगरातल्या घरापर्यंत पोहोचायचे आहे.

डॉक्टरांकडे जाताना

मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला प्रभू येशूकडे आणतो. मुलाला बरे करण्याआधी प्रभू त्या बापाला विचारतो की, हे याला केव्हापासून होते आहे? बाप सांगतो, लहानपणापासून. सर्व जाणणाऱ्या प्रभूनेही बापाला बोलू दिले, त्याचे ऐकून घेतले. दुखण्याचा इतिहास विचारणे हे प्रेमाचेच काम आहे.

ते काम आपण करू शकतो. आईला लिहिता येत नसेल तर सुवार्तिकाने, आशाताईने किंवा मोठ्या बहिणीने एका वहीत लिहावे: दुखणे कोणत्या तारखेला आले, कोठे आले, किती दिवस राहिले, सोबत ताप होता का, सूज होती का, आदल्या दिवशी काय झाले होते. आधी रक्त चढवले होते का, भावंडांपैकी कोणाला असेच होते का, कोणी लहानपणी दगावले का, हेही लिहावे. जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. चार-पाच नोंदी एकाखाली एक आल्या की दुखण्याचे रूप डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते.

मग स्पष्ट विचारावे, "साहेब, याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" पहिली चाचणी सोपी असते. त्याला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. बोटातून थोडे रक्त घेतात. पण या चाचणीतून दोष आहे की नाही एवढेच कळते. मूल फक्त वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी लागते. तिचा अहवाल येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळात पहिली चाचणी फसवू शकते. अलीकडे रक्त चढवलेले असेल तरीही निष्कर्ष चुकू शकतो, म्हणून ते आधी सांगावे.

तपासणीत सिकलसेल निघाला नाही, तर शोध तेथे संपत नाही. घसा दुखून गेल्यावर एकामागून एक सांधे सुजत असतील, तर संधिवाताचा ताप असू शकतो आणि तो हृदयाला इजा करतो. वजन घटणे, लांबलेला ताप, रात्री जागे करणारे एकाच जागचे दुखणे, लंगडणे, अंगावर निळे डाग, यांपैकी काही असेल तर मोठ्या रुग्णालयात दाखवलेच पाहिजे. उलट, संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी मूल धावते आणि तपासणीत सर्व ठीक असते, असे दुखणे बहुधा वाढीच्या वयातले आणि निरुपद्रवी असते. पण तेही डॉक्टरांनीच सांगावे.

नाव कळले की काय बदलते?

सिकलसेल जन्माचा आजार आहे. गोळीने तो मुळापासून जात नाही. तरीही नाव कळल्याने लेकराचे आयुष्य बदलते. या मुलांना जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तोच लहान वयात जीव घेतो. म्हणून सर्व लसी वेळेवर, त्यात न्यूमोकोकलची लस, आणि डॉक्टर सांगतील तसे पेनिसिलीन. रक्त तयार होण्यासाठी फॉलिक अॅसिडची गोळी. लोहाची गोळी मात्र मनाने देऊ नये, कारण हा रक्तक्षय लोह कमी पडल्याने झालेला नसतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भातले हिमोग्लोबिन वाढते आणि कळांचे प्रमाण कमी होते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासूनच घ्यायचे असते.

घरी करायचे ते साधे आहे. पाणी भरपूर पाजावे. थंडीत उबदार ठेवावे. कळ आली की शेक द्यावा, बर्फ किंवा गार पाणी लावू नये. शाळेत शिक्षकांना सांगून ठेवावे की, या मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्या, दुखते म्हणाले तर विश्वास ठेवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र सकाळची वाट पाहू नये. खूप ताप, धाप किंवा छातीत दुखणे, एकाएकी पांढरेफटक पडणे आणि डाव्या बाजूला पोट फुगणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, न थांबणारी कळ. अशा वेळी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आणि तेथून सांगतील तेथे तत्काळ न्यावे. १०८ क्रमांकाला फोन करावा.

दोष कोणाचा?

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिकलसेल आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या गुणामुळे होतो. दोघेही वाहक असतात, स्वतः निरोगी असतात, त्यांना त्याची कल्पनाही नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारात एक असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तिघे सुटली, असे नसते. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

तरी बोल आईलाच लागतो. "हिच्या माहेरचे काहीतरी आहे." कधी लेकरासह तिला घराबाहेर काढले जाते. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात की, जन्मांधाच्या बाबतीत पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभू दोघांवरचाही दोष काढून टाकतो. आपल्या मंडळीतही कोणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर तेच असले पाहिजे. हा शाप नाही, शिक्षा नाही आणि संसर्गही नाही. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. उलट, वाहक असलेल्यांना हिवतापाच्या गंभीर रूपापासून काहीसे संरक्षण मिळते. हिवतापाच्या रानावनात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला, त्याचे कारण हेच.

पाळकांना एक विनंती. मंडळीत लग्न जाहीर करण्याआधी मुलगा-मुलगी दोघांनाही ही तपासणी करून घेण्याचा सल्ला द्यावा. दोघांपैकी एकच वाहक असेल, तर त्यांचे मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. पण अहवाल ज्याचा त्याच्यापाशी राहावा. वाहक मुलीचे नाव गावभर झाले तर तिचे लग्न मोडते, म्हणून येथे तोंड सांभाळणे ही सेवाच आहे.

आपण काय करू शकतो?

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे त्याचे ध्येय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. रुग्णांना एसटीच्या प्रवासातही सवलत आहे. हे सर्व कागदावर आहे. पण कागदापर्यंत पोहोचायला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते, गाडीभाडे लागते आणि रांगेत सोबत उभे राहणारे कोणीतरी लागते.

आपल्या मदतीचा उपयोग तेथे होतो. भाडे द्या, वह्या द्या, थंडीआधी पांघरुणे द्या. गाडी चालवता येत असेल तर महिन्यातला एक दिवस द्या. महिला मंडळाने आणि तरुण संघाने १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन आपल्या मंडळीत पाळावा आणि त्या दिवशी स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. आदिवासींनाच बोटे टोचून घ्यायला सांगणे बरे दिसत नाही.

आणि प्रार्थना करा. ज्या लेकरांना आपले दुखणे सांगता येत नाही त्यांच्यासाठी, रात्र जागणाऱ्या आयांसाठी, आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, नर्सताई आणि आशाताईंसाठी. यापुढे कोणी आई म्हणाली, "याचे पुन्हा दुखायला लागले," तर तिच्या "पुन्हा" या शब्दाकडे लक्ष द्या. किती वेळा, केव्हापासून, एवढे तरी तिला विचारा, आणि ते वहीत लिहून घ्या.